उलटं वटवाघूळ

तिन्हीसांजेला घरात वटवाघूळ शिरलं की आपल्याकडे आधी झाडू शोधतात. जुन्या चिनी वाडग्यांवर मात्र तेच वटवाघूळ पंख पसरून हौसेने बसवलेलं असतं. कारण रूपात नाही, उच्चारात आहे. चिनी भाषेत वटवाघूळ म्हणजे 'फू' आणि सुखसौभाग्य म्हणजेही 'फू'. पाच वटवाघळं काढली की पाच सुखं: दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचाराची आवड आणि शेवटी सुखाचं मरण. (मरणही यादीत घातलं, म्हणजे माणसं हिशेबाला पक्की!) त्यातही उलटं काढलेल्या वटवाघळाला तोड नाही. 'उलटं' आणि 'येऊन पोचलं', दोन्ही 'दाओ'. म्हणजे सुख दारात आलं. मोरोपंतांनीही या श्लेषाला मान डोलावली असती.

हा श्लेष भांड्यावर टिकवणं मात्र जिकिरीचं. चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जिंगदेझेन शहरातल्या कारागिरांची पांढरी माती पूर्वी जवळच्या गाओलिंग गावची असे. या मातीचं 'केओलिन' हे नाव तिथलंच. पण नुसत्या केओलिनचं भांडं त्यांच्या भट्टीत नीट घट्ट होत नाही. म्हणून त्यात एक पांढरा दगड कुटून मिसळतात. सुमारे 1300 अंशांना तो वितळून मातीचे कण काचेसारखे सांधतो.

निळी नक्षी कोबाल्टची. ती कच्च्या, वाळलेल्या भांड्यावरच काढतात. माती टीपकागदासारखी पाणी ओढते, त्यामुळे कुंचला थबकला की डाग पडलाच, आणि पुसायची सोय नाही. शिवाय रंग तेव्हा काळपट दिसतो. निळा होतो तो वरून झिलई (भट्टीत वितळून काच होणारा लेप) देऊन भाजल्यावर. जिथे कोबाल्ट दाट बसला, तिथे काळे ठिपके उठतात. 15व्या शतकातला हा दोष 18व्या शतकातल्या कारागिरांनी मुद्दाम ठिपके देऊन नकलला. जुनं दिसण्याची हौस, दुसरं काय! बुडाची कड तेवढी झिलईविना ठेवतात, नाहीतर भांडं खाली चिकटून बसतं.

खरा छळ तांब्याचा. झिलईतून लाल रंग हवा तर भट्टीत ऐन वेळी हवा कोंडून धूर धरावा लागतो. हवा जास्त झाली की लालाचा हिरवट होतो. आच चढली की तांबं वाफ होऊन उडतं. श्वेंद या चिनी सम्राटाच्या राजवटीतल्या (1426–1435) उंच पायाच्या पेल्यांवर असे तीन लाल मासे आहेत. मासा 'यू', आणि शिल्लक तीही 'यू'. भट्टी बिघडली की पेला शाबूत निघतो, पण मासा करडा. शिल्लक तेवढी धुरात गेलेली असते.