पंखा बंद पडला तेव्हा

"पंख्याकडं टक लावून बघतंय की. मग दिसत नाही कसं म्हणायचं?" बाळाच्या घरी तिसऱ्या भेटीला गेलो तरी आजींचा प्रश्न तोच होता, आणि तो चुकीचा नव्हता. नऊ महिन्यांचं बाळ पाळण्यातून फिरत्या पंख्याकडे कितीही वेळ बघायचं. आई तोंडासमोर आली की मात्र नजर तिच्या आरपार. आईला तेच लागलं होतं. "मला ओळखतच नाही हो," एवढंच ती म्हणायची.

फाईल जाड होती. पूर्ण दिवसांचं बाळ, वजन २.१ किलो. पहिले दोन दिवस दूध नीट ओढलं नाही, तिसऱ्या दिवशी झटके आले, तेव्हा रक्तातली साखर २२. साखर इतकी घसरली की मेंदूच्या मागच्या भागाला जास्त इजा होते, आणि डोळ्यांनी पाठवलेल्या चित्राचा अर्थ लावला जातो तो नेमका तिथं. म्हणून डोळ्याची बाहुली मोठी करून तपासलं तर पडदा चांगला, नसही ठीक. घरच्यांनी त्यातलं 'डोळे चांगले आहेत' तेवढं धरून ठेवलं होतं. या दुखण्याला सेरेब्रल व्हिज्युअल इम्पेअरमेंट म्हणतात, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे नीट न दिसणं. आमच्या बोलण्यात सीव्हीआय. अशा बाळाला हलणारं, चमकणारं, भडक एका रंगाचं आधी सापडतं. चेहरा फार उशिरा, कारण त्यात डोळे, ओठ, टिकली, केस आणि मागचं कॅलेंडर असं सगळं एकदम अंगावर येतं.

काय करायचं ते आधीच्या दोन्ही भेटींत सांगून झालं होतं. झालं उलटंच. काकांनी लुकलुकणारी एलईडीची माळ पाळण्याला बांधली होती, आत्या खुळखुळा वाजवत होती, टीव्ही चालूच. प्रेमापोटीच सगळं. पण ज्या बाळाला झटके येऊन गेलेत त्याच्यासमोर लुकलुकता दिवा नकोच, आणि कानावर आवाज आदळत असताना या मुलांची नजर बंदच पडते. माळ आधी काढायला लावली.

मग साडेअकराला लाईट गेली. टीव्ही गप्प, पंखा थांबला, माजघरात अंधार. बाळ किरकिरलं आणि शांत झालं. म्हटलं, आता कुणी बोलू नका. चादरीची गुंडाळी करून दोन्ही बाजूंनी लावली आणि बाळाला आईच्या मांडीवर जरा उठतं टेकवलं. मान सावरण्यातच सगळा जीव गेला तर बघायला काही उरत नाही. आईचा गाऊन फुलाफुलांचा होता, त्यावर आजींची काळी शाल टाकली. हातात घ्यायला जवळ काय, तर बाळाला औषध पाजायचं स्टीलचं बोंडलं. ते बाळाच्या उजव्या बाजूला, साधारण वीतभर नि चार बोटं अंतरावर धरलं, आणि बॅटरी बाळाच्या पाठीमागून बोंडल्यावर. डोळ्यांत कधीच नाही. बोंडलं हळू हलवलं आणि मनात आकडे मोजले.

पाच, दहा, पंधरा. आत्याला राहवेना, तिला हातानं थांबवलं. बहुतेक घरी चूक इथंच होते: चार सेकंद दाखवतात, 'बघत नाही' म्हणतात आणि दुसरं खेळणं काढतात. बाळाला मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

एकोणिसाव्या आकड्याला डोळे सरकले. बोंडल्यावर आले, टिकले, ते डावीकडे नेलं तसे मध्यापर्यंत मागे आले. मग बाळानं तोंड दुसरीकडे वळवलं आणि न बघताच हात बोंडल्याकडे टाकला. आजी लगेच त्याचं तोंड परत वळवायला पुढं झाल्या. तसं करायचं नाही. बघणं आणि धरणं यातल्या बऱ्याच मुलांना एका वेळी जमत नाही. आधी बघून घेतात, मग नजर काढून हात नेतात.

दोन मिनिटांत बाळ जांभया द्यायला लागलं. थांबलो. दमल्यावर ताणलं तर पुढच्या वेळी डोळे लवकर येत नाहीत.

लाईट आल्यावर पंखा पुन्हा फिरू लागला आणि नजर पुन्हा वर गेली, तेव्हा आजींना कुणी काही समजावायची गरज उरली नाही. त्यांनीच उठून बटण बंद केलं. मोठा पंखा खेळाच्या वेळी बंद, उकडलं तर बाळाच्या नजरेआड टेबलफॅन, असं ठरलं.

बाकीचं वहीत लिहून दिलं. दिवसातून चार-पाच वेळा, तीन ते पाच मिनिटं, झोप झाल्यावर आणि पोट भरल्यावर. एका वेळी एकच वस्तू, मागे काळं कापड. आईनं एकरंगी कपडे घालायचे, जवळ येऊन आधी गप्प राहायचं, बाळानं बघितलं की मग बोलायचं. अंघोळीला उचलण्याआधी 'पाणी' म्हणून ओला हात पायाला लावायचा. नाहीतर ते दचकतं आणि लोक त्याला 'भित्रं' म्हणतात. घास देताना चमचा आधी खालच्या ओठाला टेकवायचा. आणि बोंडल्यानं आडवं पाजणं बंद. ठसका लागून पाजलेलं छातीत जाऊ शकतं. दर वेळी नजर यायला किती आकडे लागले ते लिहायचं. झटका आलेल्या दिवशी ते वाढतील, ती तारीख वहीत टाकायची आणि न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवायची. चष्म्याचा नंबर तपासायचा राहिला होता, त्यासाठी डीईआयसीची, म्हणजे लहान मुलांच्या लवकर तपासणी-उपचारांच्या जिल्हा केंद्राची, चिठ्ठी दिली. पडदा चांगला म्हणजे नंबर नाही, असं नसतं.

पंधरा दिवसांनी वही बघितली. बोंडलं: १९, १७, २२ (रात्री ताप), १४, ११. शेवटच्या पानावर आईनं वेगळ्या पेनानं लिहिलं होतं: 'माझी लाल ओढणी, २६.'