समर्थ आले की भीती गेली

"भूत दिसलं की संपलंच की हो मावशी. मग भ्यायचं कशाला?"

खानापूरच्या बसमध्ये शेजारी बसलेली नववी-दहावीतली पोरगी. मांडीवर नारायण धारपांची भयकादंबरी, तिला कन्नड पेपरचं कव्हर. वाडा, बंद खोली, माडीवरची पावलं, इथपर्यंत ती खूश. पण समर्थ, म्हणजे धारपांच्या गोष्टींतले भुताखेतांना पुरून उरणारे सिद्धपुरुष, येऊन सगळं निस्तरतात, ते तिला पटत नाही. (मला तर समर्थ आले की हायसं वाटायचं. वयाचा फरक!)

जादूच्या जाडजूड कादंबऱ्या?

"त्यात नियमच फार. पाठ करायला शाळा काय कमी आहे?"

पोरं वाचत नाहीत म्हणून आपण गळे काढतो. जी वाचतात, त्यांना काय खटकलं हे कुणी विचारतं का?