माहुलीच्या शिडीखाली सव्वा तास

माहुली किल्ला चढायला किती वेळ लागतो असं कोणी विचारलं, तर मी आता उलट विचारतो, शिडीपाशी तुमच्यापुढे किती माणसं असतील?

ठाण्याहून पहाटेची कसारा लोकल, आसनगावला उतरून रिक्षा, माहुली गाव, नाक्यावर नावं लिहून प्रवेशफी भरणं. यातलं काहीच अडलं नाही, त्यामुळे त्याबद्दल लिहीत नाही. एवढंच सांगतो, येताना रिक्षावाल्याचा नंबर घेऊन ठेवा. आम्ही घेतला नाही.

बरोबर बारावीतला भाचा होता. आईने, म्हणजे त्याच्या आजीने, कळव्याहून निघताना पिशवीत बेलाची पानं दिली होती. "गडावर महादेव आहे म्हणतात, त्याला वाहा." पायथ्याला महादेवाचं जुनं देऊळ लागतं. तिथे भाचा म्हणाला, "मामा, इथेच वाहू या ना, हाही महादेवच." मी म्हणालो, आजीने गडावरच्या महादेवाला दिलाय. मोठेपणा नडतो तो असा.

चढ सुरुवातीला झाडीतून जातो, मग उभा होतो. किल्ल्याची उंची २,८०० फुटांच्या वर, तेव्हा पोटऱ्या बोलणारच. माणशी तीन लिटर पाणी न्या. आम्ही दोघांत तीन नेलं आणि त्यातलं निम्मं शिडीखाली बसून संपवलं.

आता शिडी. कड्याला लावलेली लोखंडी शिडी, एका वेळी एकच माणूस. ती चढलात की गडावर. आम्ही साडेदहाला तिथे पोचलो तेव्हा पुढे एकसारख्या निळ्या टी-शर्टातली चाळीसेक माणसं उभी. कुठल्यातरी ऑफिसची सहल असावी. चाळीस माणसं, एकेकाला अर्धा मिनिट धरला तरी वीस मिनिटं. मनात हिशेब केला आणि खडकावर बसलो.

हिशेबात फोटो धरले नव्हते. प्रत्येक जण तिसऱ्या पायरीवर थांबायचा, मान वळवायचा, दोन बोटं दाखवायचा. खालचा म्हणायचा, "एक अजून, डोळे मिटले." मग तोच वर पोचला की वरून वाकून पुन्हा एक. मध्ये वरून उतरणारे सात-आठ जण अडकले होते, त्यांना वाट द्यायची तर निळे टी-शर्ट म्हणत, आमची माणसं अर्धी वर अर्धी खाली झालीत, आधी ती जाऊ देत. त्यांच्या म्होरक्याला मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा उत्तर एकच, "दोनच मिनिटं काका." एकदा मी जोरात म्हणालोही, "अहो, रेशनच्या रांगेत माणूस याहून लवकर सुटतो!" कोणी हसलं नाही. भाचा पुटपुटला, "मामा, हळू."

एक मुलगी अर्ध्यावर जाऊन गोठली. हात सुटेनात, पाय उचलेना. तिचा मला राग नाही, पहिल्यांदा कड्यावर आलेल्याला होतं असं. म्होरक्या तिच्या मागे चढला आणि तिचा एकेक पाय हाताने धरून पुढच्या पायरीवर ठेवत गेला. ते त्याने चांगलं केलं, मान्य. पण ती वर पोचल्यावर पुन्हा फोटो सुरू झाले!

वेळ घालवायला मी भाच्याला इतिहास सांगायला लागलो. १६३६ साली निजामशाही वाचवण्याची धडपड करत शहाजीराजे या गडावर आले. जिजाऊ आणि बाल शिवराय बरोबर होते, असं सांगतात. खाली मुघल सरदार महाबतखानाचा मुलगा खानजमान वेढा घालून बसला आणि शेवटी शहाजीराजांना तह करावा लागला. भाचा म्हणाला, "म्हणजे खाली ताटकळणारे मुघल. म्हणजे आपण." मी म्हटलं, बरं, १६७० चं ऐक. पुरंदरच्या तहात मुघलांना दिलेला हा गड परत घ्यायला मराठे फेब्रुवारीत आले, तेव्हा बरीच माणसं पडली आणि माघारी जावं लागलं. जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी घेतला. "मग आपणही जूनमध्ये यायचं का?" त्याने विचारलं. मी गप्प बसलो.

पावणेबाराला आम्ही वर पोचलो. शिडी चढायला मला मिनिटभर लागला असेल.

यासाठी सांगतो, रविवारी जाऊ नका. जायचंच असेल तर अंधारात निघून नऊच्या आत शिडी गाठा. आणि पाठपिशवीला बाहेरून काही लटकवू नका, शिडीत अडकतं. माझी काठी अडकली होती.

वर गेल्यावर जीव शांत होतो, हे खरं. पाण्याचं टाकं, मग झाडीतून वाट, पडक्या भिंतींची जोती, नमाजगीर म्हणतात ती जागा आणि पुढे खाली उतरलं की महादरवाजा. पहारेकऱ्यांच्या देवड्या अजून उभ्या आहेत. आत शिरलं की बाहेरच्या उन्हाचा विसर पडतो इतका गारवा. तिथेच महादेवाची पिंड. आईचा बेल पिशवीतून काढला तर पानं मऊ पडून एकमेकांना चिकटलेली. सोडवून सोडवून वाहिली. दूरवर तानसा तलाव चमकत होता. त्या सव्वा तासात भंडारगडाकडे जाऊन कल्याण दरवाजा पाहायचा बेत होता, तो बुडाला. पळसगड तर लांबच. भंडारगड, पळसगड आणि मधला माहुली असं हे तीन गडांचं त्रिकूट, आणि आम्ही एकच पाहून आलो. आजही आठवलं की चिडचिड होते.

उतरताना शिडीपाशी चिटपाखरू नव्हतं. मी आधी उतरलो. भाचा तिसऱ्या पायरीवर आला, थांबला आणि मान वळवून म्हणाला, "मामा, एक काढा ना."

काढला. डोळे मिटले होते म्हणून अजून एक काढला.

गावात रिक्षा नाही, नंबर नाही, त्यामुळे आसनगावच्या दिशेने पायपीट. मागून आलेल्या एका टेम्पोने दया केली, तरी लोकल डोळ्यांदेखत सुटली. पुढची येईपर्यंत फलाटावर वडापाव खात बसलो. घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आईने दारातच विचारलं, "बेल ताजा होता ना रे?"

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणालो.