काळा चालला, हिरवा परत गेला

मे महिन्यातलं लग्न, सोलापूरच्या होटगी रोडचं कार्यालय. सकाळी सातलाच स्वयंपाकाच्या पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. केटरिंगमध्ये स्टोअर माझ्याकडं असतं. माल उतरवून घ्यायचा, वजन बघायचं, खराब निघाला तर बाजूला काढायचा. फूड टेक्नॉलॉजी शिकलोय म्हणून "हे चालंल का?" हा प्रश्नही माझ्याच गळ्यात.

मेनूत बटाटेवडा होता. मार्केट यार्डातून आलेला माल वरून देखणा, घट्ट, कुठं कोंब नाही. नासका एखादा निघतो का बघावं म्हणून अक्कानं उकडायच्या आधी दोन-चार बटाटे कापले आणि विळीवरच थांबली.

"दादा, हे बगा की. आत जळालंय."

मधोमध निळसर काळा डाग, शाई सांडल्यासारखा. भोवतीचा गर मात्र पांढरा स्वच्छ. पुढचे कापले, त्यातले बरेचसे तसेच. आचारीमामा म्हणाले, सगळा माल परत करा. तेवढ्यात वधूकडचे एक काका चहा शोधत आत आले आणि त्यांनी ते बघितलं. मग काय विचारता! औषध मारलंय, इंजेक्शन दिलंय, कॅन्सर होतो, सगळं एका दमात.

मी डाग बोटानं दाबला. कडक होता. पाणी सुटलं नव्हतं. नाकाशी धरला, वास मातीचाच. बटाटा सडतो तेव्हा मऊ पडतो, चिकट पाणी सोडतो आणि त्याचा वास लपत नाही. हा सडलेला नव्हता, गुदमरलेला होता. काढल्यावरही बटाटा श्वास घेतो, आणि उकाडा वाढला की जास्त घेतो. ताडपत्री घट्ट आवळलेल्या ट्रकात, आपल्याकडच्या चाळीस-बेचाळीस डिग्रीत, बाहेरचा प्राणवायू गाभ्यापर्यंत पोचत नाही. मग मधला गर मरतो आणि काळा पडतो. त्यात रोग नाही की विष नाही. काळं कापून टाकायचं, उरलेलं खुशाल खायचं.

फक्त वडे जमणार नव्हते. अख्खे उकडून कुस्करले असते तर काळं सगळ्या सारणात कालवलं गेलं असतं, आणि तसला करडा वडा कुठला वऱ्हाडी तोंडात घालतो? मामांना म्हटलं, कच्चेच चिरू, काळं काढू, फोडींची सुकी भाजी करू. मामा कुरकुरले, पण कढई चढवली. पहिल्या घाण्यातल्या चार फोडी मी काकांसमोर उभ्यानं खाल्ल्या.

मात्र कापून काढल्यावर माल कमी पडायला लागला. पोऱ्यानं जवळच्या दुकानातून दोन गोण्या आणल्या. त्या बघून काका खूश. "हे घ्या की! हिरवट आहेत, म्हणजे ताजे."

खरा घोर मला या गोण्यांचा लागला. दुकानाच्या दारात उन्हात मांडलेला माल तो. उजेड लागला की बटाटा हिरवा होतो. हिरवा रंग स्वतः निरुपद्रवी, पण त्याच उजेडात सोलानिन नावाचं बटाट्याचं स्वतःचं विष वाढतं, ते घातक. शंभर ग्रॅम बटाट्यात वीस मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. ते सालीत, सालीलगत आणि कोंबाच्या डोळ्यांत जास्त साठतं. मामा म्हणाले, "शिजलं की जातंय सगळं." नाही जात. उकळत्या पाण्यातही नाही, तेलातही नाही. लंडनच्या एका शाळेत आधीच्या सत्रातले उरलेले बटाटे खाऊन ७८ मुलं आजारी पडली, त्यातली १७ दवाखान्यात भरती झाली. १९७९ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेली ही केस आम्हाला कॉलेजात शिकवली होती. उलट्या, जुलाब, डोकेदुखी; तेही काही तासांनी, म्हणजे वऱ्हाड घरी पोचल्यावर.

घरी एखाद्या बटाट्यावर रुपयाएवढा हिरवा डाग असेल तर मीही जाड साल काढतो आणि वापरतो. हे बटाटे साल काढल्यावरही आतून हिरवे होते. एक तुकडा जिभेला लावला, कडू लागला, थुंकून टाकला. कडू बटाट्याशी तडजोड नाही. पाचशे पानांच्या पंगतीत तर नाहीच.

दुकानदारानं गोण्या घेतल्या, पैसे मात्र अर्धेच दिले. वर मलाच सुनावलं, "अख्खं गाव हेच खातंय की." त्याच्याशी वाद घालायला वेळ कुठं होता? भाजीत भिजवलेले वाटाणे घालून ती वाढवली. पंगतीत काकांनी दुसऱ्यांदा मागून घेतली, हे मामांनी मला मुद्दाम येऊन सांगितलं.

आवरताना अक्कानं शेळ्यांसाठी टाकाऊ माल मागितला. काळ्या गाभ्याची पाटी देऊन टाकली. सोलून बघितलेल्या हिरव्या बटाट्यांची सालंही ती पदरात घ्यायला लागली, तेव्हा अडवलं. शेळ्यांनाही ते बाधतं.

"माणसाला नको, शेळीला नको, मग पिकवत्यात कशाला बे?" म्हणत तिनं सालं कचऱ्याच्या डब्यात पालथी केली.