भावनगरचा पाहुणा

कोल्हापुरात रस्त्याच्या नावानं पत्ता सांगायची पद्धतच नाही. इथं तिकट्या, म्हणजे तीन रस्ते मिळतात त्या जागा, आहेत, वेशी आहेत, तालमी आहेत, टॉकीज आहेत. ‘पापाच्या तिकटीवरनं आत या आणि कुणालाबी विचारा’ एवढ्यावर पाहुणा बरोबर दारात येतो. रस्त्याचं नाव फार तर लग्नपत्रिकेत. भाऊसिंगजी रोडवरनं जन्मभर ये-जा केलेल्या माणसाला ‘हाच तो भाऊसिंगजी रोड’ म्हटलं, तर तोसुद्धा क्षणभर इकडंतिकडं बघेल.

सीपीआर या सरकारी दवाखान्यापासून निघायचं, महापालिका, माळकर तिकटी, शिवाजी चौक करत जुन्या राजवाड्याच्या भवानी मंडपाकडं यायचं, तो हा रस्ता. दुकानांच्या पाट्या निवांत वाचत गेलं की करमणूक होते. एकीकडं भाऊसिंगजी, शेजारी भाऊसिंहजी, पलीकडं भवसिंगजी. हे गृहस्थ कोण, असं एका दुकानदाराला विचारलं. कापडाचा तागा गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, “असंल की कोणतरी सरदार. आमच्या आज्जाच्या वेळंपासनं हेच नाव हाय.” गिऱ्हाईक म्हणून बसलेल्यानं लगेच निकाल दिला, “पंजाबी असणार भावा. सिंग हाय न्हवं?”

पंजाबी नव्हे, काठेवाडी. भावनगरचे महाराज भावसिंहजी. कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आलेले शाहू महाराज शिकायला राजकोटच्या राजकुमार कॉलेजात गेले, तिथला हा दोस्त. एकाचा जन्म 1874 चा, दुसऱ्याचा 1875 चा. पुढं फ्रेझरसाहेब या इंग्रज शिक्षकानं दोघांनाही शिकवलं. 1894 मध्ये शाहू महाराजांनी कारभार हाती घेतला, दोन वर्षांनी भावसिंहजी तिकडं गादीवर बसले. संस्थानं शेकडो मैलांवर, भाषा वेगळी, पण दोस्ती टिकली. तिची एक खूण म्हणजे हा रस्ता. गुजराती भावसिंहजीचा भाऊसिंगजी करायला कोल्हापूरकरांना कष्ट पडले नसणार.

मला यात गंमत वाटते ती अशी, की रस्त्यांना नावं लागतात देवांची, राजांची, लाटसाहेबांची, अलीकडं तर नगरसेवकाच्या वडिलांचीही. शाळासोबत्याचं नाव लागलेला रस्ता शोधून दाखवा. आणि तोही आडबाजूचा बोळ नाही, थेट जुन्या राजवाड्याच्या दारात जाणारा.

याच रस्त्यावर लाटसाहेबही होते. आज शिवाजी महाराजांचा पुतळा आहे त्या जागी मुंबईचे गव्हर्नर विल्सन यांचा पुतळा उभा होता. 1942 च्या चळवळीत लोकांनी तो विद्रूप केला, आणि 1945 मध्ये तिथं शिवाजी महाराज आले. चौकाचं नाव तेव्हापासून पक्कं. विल्सन नावाचं कुणी तिथं होतं हे आज सांगूनही पटत नाही. त्याच चळवळीत बिंदू नारायण कुलकर्णी हा कोल्हापूरचा तरुण हुतात्मा झाला. जुन्या रविवार वेशीचा बिंदू चौक झाला तो त्याच्या नावानं, आणि हे नाव गावानं असं उचललं, की जुनं नाव आता म्हाताऱ्यांनाच आठवतं.

म्हणजे कोल्हापूर नावं बदलून घेतं, पण मर्जीनं. मर्जी नसेल तर सरकारी पाटी कितीही मोठी लावा. कावळा नाक्यावर घोड्यावर बसलेल्या ताराराणींचा एवढा देखणा पुतळा आहे, चौकही त्यांच्याच नावाचा आहे, पण कंडक्टर ओरडतो ‘कावळा नाकाऽऽ’. राणीसाहेबांबद्दल आदर कमी म्हणून नव्हे, जिभेची सवय म्हणून.

भाऊसिंगजी या दोन्हीत बसत नाहीत. ते कुणाला खुपले नाहीत आणि कुणाचे लाडकेही झाले नाहीत. मला आपलं वाटतं, हे कोण होते ते कुणाला माहीत नव्हतं, म्हणूनच नाव बदलायची हुक्की कुणाला आली नाही. भावसिंहजी 1919 मध्ये गेले, शाहू महाराज 1922 मध्ये. संस्थानंही गेली. पाटीवरचा दोस्त मात्र, चुकलेल्या शुद्धलेखनासकट, अजून वाड्याच्या वाटेवर आहे.

तर भावनगरकडचा कुणी पाहुणा घरी उतरला, तर त्याला अंबाबाईचं दर्शन घडवा, चप्पल लाइनीत नेऊन एक करकरणारा जोड घेऊन द्या, आणि परतताना या रस्त्यानं चालत आणा. पाट्या त्यालाच वाचू द्या. पांढरा रस्सा त्याला चालेल की नाही, ते मात्र आधी विचारून ठेवा.