मागच्या बाकावरचे खासदार

बॅकबेंचर म्हटलं की आपल्याकडे तासाला चोरून डबा खाणारी शेवटच्या बाकावरची पोरं आठवतात, पण ब्रिटनच्या संसदेत हा शब्द बसायच्या जागेवरूनच पडलाय आणि त्यात हुशार-ढ असलं काही नाही. हाउस ऑफ कॉमन्समध्ये हिरवे बाक समोरासमोर, एकीकडे सरकार एकीकडे विरोधक, दोन्हीकडे पुढच्या रांगेत मंत्री आणि विरोधकांचे शॅडो मंत्री (म्हणजे एकेका मंत्र्यावर नजर ठेवायला विरोधकांनी नेमलेला आपला माणूस), बाकी सगळे मागे. पद नाही तो बॅकबेंचर, बस्स.

आता यातही गंमत आहे. डेनिस स्किनर नावाचे लेबर पक्षाचे खाणकामगार खासदार वर्षानुवर्षं चक्क पहिल्या रांगेत बसायचे, फक्त त्याच बाजूच्या बाकांना मध्ये छेदणाऱ्या वाटेच्या पलीकडे, तरी ते बॅकबेंचरच! आणि मागे तरी जागा मिळते का, तर तेही नाही. खासदार ६५० आणि बाकांवर मावतात सव्वाचारशेच्या आसपास. १९४१ साली जर्मन बॉम्बने सभागृह उडवलं तेव्हा मोठं बांधता आलं असतं, पण चर्चिल अडून बसले, की लहानच हवं, एरवी रिकामं रिकामं वाटत नाही आणि महत्त्वाच्या दिवशी गर्दीने रंगत येते. त्यामुळे बजेटच्या दिवशी उशिरा आलेले खासदार दाराशी उभे. लोकल पकडल्यासारखं.

पण मला विचाराल तर खरी मजा मागेच आहे. पुढच्या रांगेतल्या मंत्र्याला सरकारचीच री ओढावी लागते, पटत नसेल तर राजीनामा द्या. मागच्याला पक्षाचे व्हिप, म्हणजे शिस्त राखणारे प्रतोद, डोळे वटारतात खरे, पण बोलायला तोंड मोकळं. चर्चिल स्वतः १९३०च्या दशकात बॅकबेंचर म्हणूनच हिटलरबद्दल ओरडत होते, आणि ब्रिटनमधली फाशी थांबवणारं १९६५चं विधेयक आणलं ते सिडनी सिल्व्हरमन या बॅकबेंचरने.

जेफ्री हाउ तर कहरच. पंतप्रधान मार्गारेट थॅचरबाईंचे उपपंतप्रधान, स्वभावाने अगदी मवाळ, १९९०च्या नोव्हेंबरात राजीनामा देऊन मागे गेले आणि तिथून शांतपणे बाईंच्याच विरोधात एक भाषण ठोकलं, नऊ दिवसांत बाईंनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं. पुढची निवडणूक होईपर्यंत, म्हणजे १९९२ पर्यंत, मग त्याही मागच्याच बाकावर.