डिकीतला कुत्रा आणि उणे चिन्ह

अमेरिकेतल्या पिट्सबर्गला राहायला आलेल्या माणसाला कुणी ना कुणी 'वंडर बॉईज' बघायला सांगतंच. सिनेमा २००० सालचा, दिग्दर्शक कर्टिस हॅन्सन. चित्रीकरण याच शहरातलं, थोडं कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या आवारातलं. मूळ कादंबरी लिहिणारे मायकेल शेबॉनही शिकले इथल्याच युनिव्हर्सिटी ऑफ पिट्सबर्गमध्ये. त्यामुळे गावकऱ्यांना त्याचा अभिमान आहे, आणि नायकाचे प्रताप बघता तो थोडा विनोदीच वाटतो.

ग्रेडी ट्रिप (मायकेल डग्लस) कथालेखन शिकवणारा प्राध्यापक. बायको त्याच दिवशी सकाळी सोडून गेलेली. विद्यापीठाच्या चॅन्सेलर बाईंशी त्याचं प्रकरण, त्यांना दिवस गेलेत, आणि त्यांचे यजमान म्हणजे ग्रेडीचेच विभागप्रमुख! गांजा चालूच. साहेबांच्या घरच्या पार्टीत त्यांचा आंधळा कुत्रा ग्रेडीवर धावून येतो आणि जेम्स नावाचा विद्यार्थी सरांना वाचवायला त्याला गोळी घालतो. वर मेरिलिन मन्रोचं जाकीट लंपास करतो. सर काय करतात? कुत्रा गाडीच्या डिकीत टाकतात आणि तोंडातून चकार शब्द काढत नाहीत.

आपण खदाखदा हसतो. ग्रेडीला शिक्षा व्हावी असं मला क्षणभरही वाटलं नाही.

माझ्या मते यातली अर्धी करामत टेन्युअरची. इथे प्राध्यापक लागला की साधारण पाच-सहा वर्षं जीव मुठीत धरून शोधनिबंध छापायचे, मग समिती निर्णय घेते. टेन्युअर मिळालं तर नोकरी जवळपास आयुष्यभराची, नाही मिळालं तर सामान बांधा. ग्रेडी त्या उंबरठ्याच्या आत पोचलेला आहे. गाजलेल्या कादंबरीनंतर सात वर्षांत त्याचं पुढचं पुस्तक आलेलं नाही, हस्तलिखित अडीच हजार पानांवर गेलंय, आणि कुणी जाब विचारत नाही. असा माणूस गंमतीदार होणारच. शेवटी नोकरी जाते म्हणा, पण तोवर पोरं सांभाळतात सरांना.

आता कोएन बंधूंचा 'अ सीरियस मॅन' (२००९) घ्या. काळ १९६७, जागा मिनेसोटातलं उपनगर. लॅरी गॉपनिक भौतिकशास्त्र शिकवतो, टेन्युअरचा निकाल यायचाय, आणि समितीकडे त्याच्याविरुद्ध निनावी पत्रं येतायत. नापास झालेला एक कोरियन विद्यार्थी नोटांचं पाकीट टेबलावर ठेवून जातो. नंतर मुलाचे वडील घरी येऊन उभे राहतात: लाच दिल्याचा आरोप केलात तर अब्रुनुकसानीचा दावा ठोकू. पैसे दिलेच नाहीत म्हणावं, तर परतही घेत नाहीत! माझ्या मते सिनेमातला सगळ्यात विनोदी प्रसंग तोच.

घरी आपण 'मुन्नाभाई' आणि 'थ्री इडियट्स' पोट धरून बघितले. मुन्ना प्रवेश परीक्षा दुसऱ्याकडून लिहून घेतो, रँचो दुसऱ्याच्या नावावर पदवी मिळवतो. नागपूरच्या राजकुमार हिरानींनी दोन्हीकडे डीन किंवा प्राचार्य इतका खडूस ठेवलाय की नायकाची फसवणूक न्यायच वाटते. इथल्या सिनेमात ती सोय नाही. नायकच खुर्चीत बसलाय, मार्क त्याच्याच हातात.

मी टीए आहे, म्हणजे प्राध्यापकांच्या हाताखाली पेपर तपासणारी. प्रत्येक कोर्सच्या सिलॅबसमध्ये कॉपीविरुद्ध एक लांबलचक परिच्छेद असतो. १९७४ च्या फर्पा कायद्यामुळे कॉलेजातल्या मुलाचे मार्क त्याच्या परवानगीशिवाय सहसा आईबापांनाही सांगता येत नाहीत. (आपल्याकडे यादी नोटीस बोर्डावर लागायची, आणि शेजारच्या काकूंना आधी कळायचं.) एवढ्या कुंपणातही ग्रेड शेवटी एका माणसाच्या पेन्सिलीतूनच उतरते. म्हणून डिकीतल्या कुत्र्यापेक्षा मला लॅरीचं पाप जड वाटतं. वकिलाचं तीन हजार डॉलरचं बिल हातात पडतं. तो वहीतला त्या कोरियन मुलाचा एफ, म्हणजे नापासचा शेरा, खोडतो, पास करणारा सी लिहितो. थोडं थांबतो आणि त्यापुढे उणे चिन्ह काढतो. पैसे घेऊन पूर्ण सी द्यायला मन धजत नाही बिचाऱ्याचं! तेवढ्यात फोन वाजतो: डॉक्टरांना एक्सरेबद्दल बोलायचंय, समोरासमोर.

दोन्ही बघणार असाल तर लॅरी आधी बघा, ग्रेडी नंतर. उलट केलंत तर झोप लागणार नाही.